पावसाळी चित्रपट मालिकेचा ६०० चा पास : साडेचार महिन्यांनंतर

परवा आमच्या चित्रपट मंडळाच्या खजिनदारांचा निरोप आला. हिवाळी मालिकेचा पास ७५० रुपये, जुन्या सभासदांनी रविवारपर्यंत पैसे भरावेत. जूनमध्ये हाच पास ६०० ला होता. वरचे दीडशे कशाचे, ते लिहिलेलं नाही. म्हटलं, खिशात हात घालायच्या आधी गेल्या मालिकेचा हिशेब एकदा मांडूच.

विश्रामबागेतलं ते छोटं सभागृह सांगलीतल्या सिनेमावेड्यांना माहीत आहे. नाव घेत नाही, उगाच माणसं दुखावतात. एक आड एक शनिवार, संध्याकाळी साडेसहा, एकूण दहा सिनेमे. आम्ही दोघांचे मिळून १,२०० भरले, म्हणजे माणशी खेळाला ६० रुपये. खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखे खडखडणारे, मध्यंतरात चहा दहाला आणि भडंग आपलं आपण घरून न्यायचं. यातल्या कशाबद्दलच माझी तक्रार नाही. साठ रुपयांत गादी मागणारा मी नव्हे.

माझी तक्रार चाकाची आहे.

दुसरा खेळ ‘बायसिकल थीव्ज’चा, १९४८ चा इटालियन सिनेमा. सगळी गोष्ट एका सायकलीवर उभी. गहाण पडलेली सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाणवटीच्या दुकानात नेऊन देते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीला जाते. तर ती सायकल पडद्यावर आली आणि मी सौ.ना कोपर मारलं. चाकं अंड्यासारखी! आडवी ठेवलेली अंडी. शेवटी स्टेडियमबाहेर सायकलींच्या रांगाच्या रांगा दिसतात, तिथे तर अंड्यांचे ट्रेच मांडल्यासारखं वाटलं. अख्खा सभामंडप हळहळत होता आणि मी चाकं बघत होतो.

मी ३४ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांकडून कंपासने वर्तुळं काढून घेण्यात केस पांढरे झाले. मला आडवं वर्तुळ सोसत नाही, त्याला इलाज नाही.

कारण साधं आहे. जुने सिनेमे जवळपास ४:३ मापाचे, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन; आताचे प्रोजेक्टर १६:९ चे. जुनं चित्र आहे तसं सोडलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. पट्टे नकोत म्हणून ताणलं, की रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि उंची आहे तेवढीच राहते. उपाशी बेकार माणूस दोन वेळ जेवून वर वामकुक्षी काढून आल्यासारखा दिसतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून सांगलीकराने नट त्याच्या मूळ मापात बघितलाय. नाटकात नट ताणता येत नाही, हा त्या कलेचा मोठाच गुण म्हणायचा.

पुढच्या खेळाला प्रोजेक्टर चालवणाऱ्या पोराला गाठलं. “काका, चित्र मोठं दिसतंय की,” तो म्हणाला. मोठं नाही बाबा, जाडं. कार्यवाहांना सांगितलं, ते म्हणाले मशीनच तसं आहे. मग तिसरा जुना सिनेमा तसाच, चौथा आणि पाचवाही तसाच. मी घरी हिशेब केला : ताणलेले खेळ चार, गुणिले ६०, गुणिले दोन माणसं, ४८० रुपये. परत मागितले. “पास परत घेत नाही.” मी पास परत देत नव्हतो हो, माप परत मागत होतो.

एक गोष्ट मात्र चांगली केली, तीही नोंदवतो. ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला ५७ च्या वर पाहिलेल्या गावात पातळीची बातमी आली की सिनेमा कोणाला सुचणार? खेळ पुढे ढकलला, प्रत्येक पासवाल्याला फोन केला आणि पुढच्या महिन्यात तो बिनबोभाट भरून दिला. असं इतर ठिकाणी होत नाही.

आता मत बदलण्याचा भाग. सप्टेंबरात मी अभिप्राय वहीत आकृतीसकट पानभर तक्रार लिहायला बसलो. सहज मागे चाळलं. पहिलाच अभिप्राय, पहिल्या खेळाच्या दिवशीचा : ‘दोन्ही बाजूंना पडदा रिकामा राहतो. पूर्ण पडदा वापरावा.’ खाली तिघांचं ‘सहमत’. आणि अक्षर? दुधाचा हिशेब रोज ज्या अक्षरात कॅलेंडरवर असतो, ते.

घरी विचारलं. “तुम्हीच म्हणाला होता ना, पैसे पूर्ण घेतात आणि पडदा पाऊणच दाखवतात. मी नुसतं लिहिलं.”

म्हणाले असेन. पहिला खेळ ‘संत तुकाराम’चा होता, १९३६ चा, आषाढी तोंडावर होती म्हणून लावलेला. तो बरोबर मापात दाखवला होता. तुकाराम झालेल्या पागनिसांचा चेहरा इतका नीट दिसला की मापाकडे लक्षच गेलं नाही, गेलं ते पट्ट्यांकडे. आणि गणितात तर चूक नाहीच, ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्याचा बरोबर पाऊण भाग व्यापतं.

पुढच्या जुन्या सिनेमाआधी अर्धा तास लवकर गेलो, त्या पोराला चहा पाजला. रिमोटवर अॅस्पेक्टचं, म्हणजे चित्राचं माप बदलायचं, बटण दोनदा दाबायचं होतं, बस्स. दोन महिन्यांची भांडणं तीन सेकंदांत मिटली. आणि योगायोग असा की सिनेमा ‘दो आँखें बारह हाथ’. सहा कैदी भिंतीबाहेर आणून शेती करायला लावणारा जेलर, भूमिकेत स्वतः शांताराम. त्यामागे औंध संस्थानाने आटपाडीकडे स्वतंत्रपूरला केलेला खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता आणि कथा ग. दि. माडगूळकरांची, तेही त्याच तालुक्यातल्या शेटफळ्याचे. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट १९५७ मध्ये पडद्यावर गेली आणि पुढे बर्लिनच्या महोत्सवातही गाजली. खेळ संपल्यावर आटपाडीकडचे एक आजोबा उठले आणि तिथल्या माळाबद्दल, पाण्याच्या टंचाईबद्दल बोलत राहिले. दहा मिनिटं कोणी उठलं नाही, चहावालासुद्धा. त्या एका संध्याकाळीच पास वसूल झाला, हे मी खजिनदारांना मात्र सांगणार नाही.

त्यांना मी लिहिलंय : ७५० मान्य नाही, ४८० वळते करून घ्या, जुने सिनेमे मापात दाखवा. उत्तरादाखल त्यांनी नुसता अंगठा पाठवलाय. तो होकाराचा की मराठी अर्थाने दाखवलेला, ते रविवारी कळेल. सौ.नी त्यांच्या पासाचे पैसे कालच भरून टाकलेत.