कच्छचं रण की थारचं वाळवंट? कोल्हापूरहून बुलेट काढायच्या आधी

कावळा नाक्यावरून भुज सुमारे १,२०० किलोमीटर, जैसलमेर चौदाशेच्या वर. सुट्टी आठ-नऊ दिवसांचीच असेल तर भावा, कच्छ धर. खावड्याहून धोलावीऱ्याला जाणारा रस्ता मिठाच्या पांढऱ्या पठारातून सरळ निघतो, दोन्ही बाजूंना नजर पोहोचेपर्यंत काही नाही. शेवटी हडप्पाकालीन शहर, २०२१ पासून जागतिक वारसा. पण पावसाळ्यात रणात पाणी भरतं, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीच. मीठ मात्र चेनला खातं. रोज मुक्कामी गोड्या पाण्यानं गाडी धुवायची, चेनला तेल द्यायचं. मी एकदा आळस केला, घरी पोचेपर्यंत चेन करकरत होती.

थारमध्ये खरी वाळू. जैसलमेरहून तनोट सुमारे १२० किलोमीटर, डांबरी रस्ता चांगला, पण वाऱ्यानं वाळू आडवी येते. तिथं पुढचा ब्रेक दाबलास की आडवा झालासच. टाकी रामगढलाच फुल्ल करायची. लोंगेवाला त्याच भागात, १९७१ च्या लढाईचं. रात्री थंडी कडाक्याची.

दोन्हीकडं तांबडा-पांढरा रस्सा नाही, सवय ठेव. दोन आठवडे मिळाले तर मात्र मी थारच घेईन.