उन्हाळ्यात बदललेला एअर मास सेन्सर: थंडीपर्यंतचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात माझ्या डिझेल गाडीचा एअर मास सेन्सर, म्हणजे इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा पार्ट, बदलला. त्यानंतर पावसाळा झाला, दिवाळीची गावाकडची चक्कर झाली, आता थंडी चालू आहे. सेन्सरबद्दल तक्रार शून्य. पण मला जास्त सांगायचंय ते खरेदीआधीच्या तपासाबद्दल, कारण या पार्टवर लोकांचे पैसे तिथेच वाया जातात.

गाडी १.३ लिटर टर्बो डिझेल हॅचबॅक, लाखाच्या वर चाललेली. लक्षण म्हणजे गाडी ओढत नव्हती. शहरात फारसं कळायचं नाही, पण पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला तिसऱ्यात टाकून पाय पूर्ण दाबला तरी दम खायची. अ‍ॅव्हरेजही उतरलं होतं. चेक लाइट कधी लागायची, कधी आपोआप विझायची. काळा धूर मात्र अजिबात नव्हता, आणि हीच सगळ्यात कामाची खूण ठरली.

टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, तिथून इंजिनकडे जाणारा होज पाइप फाटला तर सेन्सरने मोजलेली हवा वाटेत गळते, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबानेच पडतं. मग मागून काळा धूर निघतो. सेन्सरच कमी आकडा सांगत असेल तर उलटं होतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं हवा कमी आहे. धूर होऊ नये म्हणून तो डिझेल आवरतं घेतो. ताकद जाते आणि सायलेन्सर स्वच्छ राहतो.

एका वर्कशॉपने गाडी न चालवताच टर्बो बदलण्याचा अंदाज हातात ठेवला. रक्कम ऐकून मी सरळ आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, टर्बो व्यवस्थित शिट्टी मारतोय, त्याला कशाला उघडायचं? आधी आकडे बघू."

स्कॅनरवर कोड आला पी०१०१. हा कोड आला की सेन्सरच गेला असं बरेच जण धरून चालतात. कोडचा अर्थ एवढाच, की हवेचा आकडा अपेक्षेत बसत नाही. कारण चोंदलेला फिल्टर असू शकतं, ढिली होज क्लिप, अडकलेला ईजीआर (जळालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), सेन्सरच्या वायरच्या कपलरमधला, म्हणजे जोडणीतला गंज, नाहीतर खरोखर सेन्सर. मिस्त्रींनी फिल्टर काढून उजेडात धरला, होजवर बोटं फिरवून क्लिपा आवळून पाहिल्या, कपलरच्या पिना बघितल्या. मग इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून सिग्नलचा व्होल्टेज मोजला. आमच्या प्रकारच्या बॉश सेन्सरला हवा वाहत नसताना तो १ व्होल्टच्या अगदी जवळ हवा. तिथेच थोडा फरक दिसला.

खरी परीक्षा रस्त्यावर झाली. मी गाडी चालवतोय, ते शेजारी मोबाइलवर लाइव्ह डेटा बघतायत. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून ३५०० आरपीएमला सेन्सर सेकंदाला ४५ ग्रॅमच्या आसपास हवा दाखवत होता. या इंजिनात एवढ्या आरपीएमला टर्बो भरात असताना ६५ च्या पुढे जायला हवी. टर्बोचा दाब तर बरोबर येत होता. दाब आहे आणि हवा कमी, म्हणजे मोजणारा चुकतोय.

कपलर काढून गाडी चालवायची जुनी युक्तीही केली. सेन्सर नसला की ईसीयू ठरलेल्या आकड्यांवर चालतो, आणि गाडी लगेच मोकळी पळाली. पण फक्त या चाचणीवर विसंबू नका. कपलर काढल्यावर बऱ्याच डिझेल गाड्यांत ईजीआरही बंद होतो, म्हणजे दोष ईजीआरचा असला तरी गाडी सुधारल्यासारखी वाटते. आमचा ईजीआर वेगळा तपासून घेतला होता, म्हणून निकाल पक्का झाला.

शेवटची संधी म्हणून सेन्सर साफही केला. एअर मास सेन्सरसाठी खास मिळतो तोच स्प्रे वापरायचा. कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर नाही, आणि काडीला कापूस लावून घासणं तर मुळीच नाही. आतली तापणारी पट्टी फार नाजूक असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या तापमानातल्या फरकावरून हवेचं वस्तुमान ठरतं, त्यामुळे धुळीचा पातळ थर बसला तरी आकडा घसरतो. साफ केल्यावर आकडा थोडा वर आला आणि काही दिवसांत परत खाली.

मग पुण्यात नाना पेठेत नव्या सेन्सरचे दोन पर्याय मिळाले. बिननावाचा दीड हजाराला, बॉशचा साडेपाच हजारांच्या घरात. मी बॉशचा घेतला, जुन्यावरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळवून. दिसायला सारखे असणारे सेन्सर आतून वेगळ्या मापाचे असतात, आणि ज्या पार्टचं काम फक्त अचूक मोजणं आहे त्यात स्वस्ताई करण्यात अर्थ नाही. बसवणं सोपं आहे: बॅटरीची निगेटिव्ह काढायची, दोन स्टार स्क्रू, कपलर, आणि सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना ते बघायचं. कोड पुसून परत तोच रस्ता, तोच गिअर: आकडा ६८ पर्यंत गेला.

तेव्हापासून चेक लाइट एकदाही लागलेली नाही. खंबाटकी आता तिसऱ्यात आरामात चढते, आणि अ‍ॅव्हरेज जुन्या जागी आलंय. भर पावसातही आकडे हलले नाहीत. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, उभ्या गाडीचा आकडा पुण्यापेक्षा कमी दिसला, आणि तो तसाच दिसायला हवा, कारण वर हवा विरळ असते आणि सेन्सर मोजतो ते वस्तुमान. फिल्टर आता चांगल्या कंपनीचा कागदीच टाकतो आणि आमच्या धुळीचा विचार करून लवकर बदलतो. तेल लावलेले कापडी फिल्टर मी टाळतो. तेल जास्त झालं तर ते याच पट्टीवर जाऊन बसतं.

थंडीत सकाळच्या पहिल्या स्टार्टला येणारा पांढरा धूर मात्र होता तसाच आहे. नव्या सेन्सरने तो जाईल अशी अपेक्षा नव्हतीच, तो थंड इंजिनला आतून गरम करणाऱ्या हीटर प्लगचा विषय आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला चारही प्लग तपासून घेणार आहे.