सिझरनंतरच्या मालिशीच्या नावावर माझे 42,300 रुपये गेले. बेळगाव-खानापूरकडच्या बायकांनी हे वाचा

वडगावात मी ब्लाऊज शिवते. बारा वर्षं गळ्यात इंची टेप आहे. हे आधी सांगते, कारण जिथे मला सगळं कळायला हवं होतं ती गोष्ट टेपच होती.

8 जुलैला माझं सिझर झालं. पाचव्या दिवशी मुलीला घेऊन घरी आले. 14 तारखेला फोन आला, "ताई, अभिनंदन, मुलगी झाली ना? टाके ओढतायत का?" माझं नाव, सिझरची तारीख, मुलगी झाली हे सगळं त्या बाईला ठाऊक होतं. दवाखान्यातून निघताना एकीनं बाळाच्या लसीची आठवण करायला म्हणून माझा नंबर लिहून घेतला होता. सिद्ध करता येत नाही, म्हणून एवढंच लिहिते. पण नंबर देण्याआधी कशाला पाहिजे ते विचारा.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, सगळे असंच सुरू करतात. नाव नोंदवायला 2,100. मग 'सूतिका पॅकेज', म्हणजे बाळंतिणीचं, 21 मालिशींचे 18,900. तेल आणि काढ्याचा संच 4,800. मी मूर्ख नाही हो. आई खानापूरकडची, भातलावणी तोंडावर आल्यामुळे तिला परत जावं लागलं. आमच्या गल्लीतल्या मालिशवाल्या मावशींचे हात आता चालत नाहीत. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, महिनाभर रात्रपाळी. बाहेर बेळगावचा जुलैचा पाऊस, दुपटी वाळत नाहीत, बाळ रात्रभर जागं, आणि कुशीवर वळायचं म्हटलं तरी टाक्यांत कळ. अशा वेळी कुणी "मी येते, तुम्ही नुसतं पडून राहा" म्हणालं तर कोण नको म्हणेल?

17 तारखेला ती आली. पहिल्या मालिशीआधी तिनं माझं पोट मोजलं. मी उभी होते, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधलेला होता. टेप त्या पट्ट्यावरूनच, बेंबीच्या खाली चार बोटांवर, दोन बोटं ढील ठेवून धरला. 38 इंच. तिनं वहीत लिहिलं. 25 तारखेला, सहाव्या मालिशीनंतर, पुन्हा मोजलं. या वेळी पट्टा सोडून, बेंबीच्या वर, "श्वास आत घ्या ताई" म्हणून टेप कातडीत रुतेपर्यंत ओढला. साडेचौतीस. "बघा, आठ दिवसांत साडेतीन इंच!"

मी पाहिलं होतं. माप घेताना टेप कुठून जातो, कुठे सुटतो हे माझ्या बोटांना कळतं. गिऱ्हाइकाचं माप कुणी असं घेतलं असतं तर मी त्याच्या हातातून टेप काढून घेतला असता. आणि इथे मी म्हणाले, "खरंच, कमी झालंय." का म्हणाले? एकवीस हजार मोबाईलवरून आणि 4,800 रोख देऊन बसले होते म्हणून. ते वाया गेलेत हे मला त्या क्षणी ऐकायचं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी अजून रात्री उठून बसते.

बाळंतपणानंतर गर्भाशय आपोआप आकसतं, साधारण दोन आठवड्यांत ओटीपोटात खाली उतरतं आणि सहा आठवड्यांत जवळजवळ पहिल्यासारखं होतं, हे नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं. म्हणजे जे माझं शरीर स्वतःच करत होतं त्याचे ती पैसे घेत होती.

माप दाखवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, भुलीचं औषध अजून तुमच्या मणक्यात बसलंय. काढलं नाही तर जन्मभर कंबर धरेल." सात कटिबस्त्या, 10,500 रोख. कण्यातल्या भुलीचा असर काही तासांत उतरतो. सिझरनंतर कंबर दुखते ती गरोदरपणात ताणलेल्या स्नायूंनी आणि दिवसभर वाकून दूध पाजल्यानं. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? कटिबस्ती हा आयुर्वेदातला खरा उपचार आहे, उडदाच्या पिठाचं कडं कमरेवर बसवून त्यात कोमट तेल धरतात. पण त्यासाठी पालथं झोपावं लागतं. सिझरनंतर एकोणिसाव्या दिवशी मला पालथं झोपवलं. आईनं फोनवर बजावलं होतं, "टाकं हाईत तवर पोटाला हात लावू देऊ नको." तिचं ऐकलं नाही. डिस्चार्ज कार्डावरसुद्धा लिहिलं होतं की टाके कोरडे ठेवा, पोटाला मालिश नको. ते कार्ड कपाटात होतं.

29 तारखेला शेकायच्या मशीनचं डिपॉझिट म्हणून आणखी 6,000 घेतले, मशीन परत केलं की मिळणार होते. मेडिकलवाला म्हणाला, हा नुसता लाल दिवा आहे, साडेसातशेला मिळतो. 1 ऑगस्टला तिसरी कटिबस्ती झाली आणि रात्री टाक्यांच्या उजव्या टोकाला साडी ओली लागली. पू होता. अंगात तापही होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी जखमेवरून बोट फिरवून मला दाखवलं, तेलानं चकचकत होतं. ड्रेसिंग आणि औषधांचे 3,740, ते वेगळेच.

4 तारखेपासून तिचा फोन बंद. 21 पैकी मालिशी झाल्या सहा, सातपैकी कटिबस्त्या तीन. तिच्याच दरानं धरलं तरी 9,900 चं काम. दिले 42,300.

आता दारोदार फिरल्याचं ऐका. 7 ऑगस्टला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात. माझे शेवटचे जाऊन नऊ दिवस झाले होते. मोबाईलवरून गेलेल्या 27,000 ची नोंद तरी झाली, रोख 15,300 ना कुठे नोंद ना पुरावा. रोख देऊ नका, देऊच नका. मग पोलीस ठाण्यात गेले. "तुम्ही स्वतःच्या हातानं दिलात नव्हे? मग चोरी कसली?" तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. बाहेर बसणारा लिहून द्यायला 200 रुपये मागत होता. शेवटी शेजारच्या कन्नड वहिनींनी माझ्या बाळाला मांडीवर घेऊन दोन पानं लिहून दिली, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. ते घेऊन गेले तर म्हणाले, मोबाईलवरून पैसे दिलेत तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, बाई घरी येत होती ना, मग हे सायबर कसं? ओल्या टाक्यांवर हात धरून मी चार जिने चढले-उतरले. एकानंही बसायला खुर्ची दिली नाही.

आरोग्य खात्यात म्हणाले, तेल-काढा म्हणजे आयुष, आयुर्वेद वगैरे बघणारं सरकारी खातं, तिकडे जा. आयुषमध्ये रजिस्टर उघडून पाहिलं आणि म्हणाले, "ही बाई आमच्याकडे नोंदलेली वैद्य नाही, आम्ही कारवाई कशी करणार?" नोंदणी नाही हीच तर माझी तक्रार होती! नोंदणी असलेल्यानं चूक केली तर त्याला विचारणार, आणि नोंदणीच नसलेली बाई मोकळी सुटणार? मग बायकांनी जायचं कुठे?

कर्नाटकात खाजगी दवाखान्यांच्या नोंदणीचा 2007 चा कायदा आहे, दाखला दर्शनी लावावा लागतो. घरी येणाऱ्या कुणी स्वतःला वैद्य म्हणवलं तर नोंदणी क्रमांक मागा, रागावली तर दार लावा. आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता असायलाच हवा. माझ्या बाटल्यांवर एका कमळाचं चित्र होतं. सिझरनंतर हात-पाय-पाठीला हलकी मालिश चालते का, पोटाला कधीपासून, हे ज्यांनी टाके घातले त्यांनाच विचारा. मला आता फिजिओथेरपीचे श्वासाचे आणि ओटीपोटाचे साधे व्यायाम दिलेत, एकदा शिकवायचे 400 रुपये घेतले, बाकी मी घरीच करते. कंबर खरंच कमी दुखते.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि सल्ल्यासाठी 1915 वर फोन करता येतो. पोलिसांत हे कुणीही सांगितलं नाही.

माझ्याकडे तिची एकच पावती आहे, 18,900 ची. पत्ता नाही, शिक्का नाही, पण छापील क्रमांक आहे, 87. सारखीच फसवणूक झालेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. 1 ते 86 क्रमांकाची पावती ज्यांच्या घरात पडली असेल त्यांनी ती फाडू नका. लाज वाटत असेल तर मलाही वाटली होती, नवऱ्याला खरा आकडा सांगायला मला अकरा दिवस लागले. पावती काढा, तारीख बघा, आणि मोबाईलवरून पैसे दिले असतील तर बँकेचा उतारा आजच काढून ठेवा.