सबमिशन ग्राइंडर: आकडे चोख, पण संपादकाची नजर तुम्हालाच ओळखावी लागते

इंग्रजीत विज्ञानकथा, अद्भुतकथा किंवा भयकथा लिहून मासिकांना पाठवणाऱ्यांना 'सबमिशन ग्राइंडर' माहीत नसणं अवघडच. कथेसाठी मासिक शोधून देणारी आणि पाठवलेल्या कथांच्या नोंदी ठेवणारी ही वेबसाइट. २०१३ च्या सुरुवातीला ड्युओट्रोप या तशाच वेबसाइटने आपली सेवा सशुल्क केली आणि त्याच वर्षी 'डायबॉलिकल प्लॉट्स' या ऑनलाइन मासिकाच्या डेव्हिड स्टेफेन यांनी हा फुकट पर्याय सुरू केला. तो देणग्यांवर चालतो. ड्युओट्रोपचा दर महिन्याला ५ डॉलर किंवा वर्षाला ५० डॉलर. क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) पात्रं आणि क्वीअर जगं रंगवणाऱ्या लेखकाने पैसे मोजावेत का? आमच्या मते सहसा नाही. मात्र ग्राइंडरकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, ते आधी कळायला हवं.

वापर सोपा आहे. खातं उघडा आणि कथेचं नाव, शब्दसंख्या, प्रकार नोंदवा. मग शोधात प्रकार, लांबी आणि किमान मानधन भरा. शब्दसंख्या ढोबळ भरू नका. ७,५०० शब्दांपर्यंतची ती लघुकथा, त्यापुढे १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट, ४०,००० पर्यंत नॉव्हेला. ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांची विभागणीही अशीच आहे. कथा ७,६०० शब्दांवर अडली असेल तर शंभर-दीडशे शब्द छाटून पुन्हा शोधा. यादी लगेच लांबते, कारण पुष्कळ मासिकांची मर्यादा याच्या आतबाहेरच असते.

मानधनाचा रकाना नीट समजून घ्यावा. शब्दामागे ८ सेंट हा 'प्रो', म्हणजे व्यावसायिक, दर एसएफडब्ल्यूए या लेखकसंघटनेने २०१९ मध्ये ठरवला. ४,२०० शब्दांच्या कथेचे त्या दराने ३३६ डॉलर होतात. नवे लेखक शोध फक्त 'प्रो'वर लावतात आणि वर्षभर त्याच मोजक्या दारांशी रांगेत उभे राहतात. पण २०२२ पासून एसएफडब्ल्यूएचं सदस्यत्व एकूण कमाईवर मिळतं: सहयोगी सदस्यत्वाला १०० डॉलर, पूर्ण सदस्यत्वाला १,००० डॉलर. त्याहून कमी दर देणाऱ्या 'सेमी-प्रो' मासिकाचे ४० डॉलरही त्यात धरले जातात. क्वीअर कथांना मनापासून जागा देणारी बरीच प्रकाशनं छोटी असतात, त्यामुळे गाळणी खालच्या दरावर लावणं आपल्या फायद्याचं. विज्ञानकथा-अद्भुतकथेच्या क्षेत्रात कथा वाचायचे पैसे लेखकाकडून घ्यायची रीत नाही. कुणी मागितले तर पुढचं मासिक बघा.

आता ग्राइंडरची खरी ताकद, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या दिवसांचा आलेख. बऱ्याच मासिकांच्या आलेखात दोन उंचवटे दिसतात. पहिला आठवड्या-दोन आठवड्यांत येतो: मासिकासाठी कथा चाळणाऱ्या पहिल्या वाचकाने बाजूला केलेल्या कथा. दुसरा कितीतरी उशिरा येतो: संपादकाच्या टेबलापर्यंत गेलेल्या. तुमची कथा पहिला उंचवटा ओलांडून पुढे गेली असेल तर ती बहुधा वर गेली आहे. बहुधा, कारण कधीकधी वाचकच सुट्टीवर असतो. चौकशीचा मेल मात्र आलेख बघून पाठवू नये. मासिकाने 'इतक्या दिवसांनी विचारा' असं लिहिलेलं असतं, तीच मुदत धरावी.

स्वीकृतीची टक्केवारी मात्र जरा सावधपणेच घ्या. हे सगळे आकडे लेखकांनी स्वतः नोंदवलेले. नोंदी ठेवणारे लेखक मुळात नियम वाचून, योग्य जागी कथा पाठवणारे असतात. शिवाय स्वीकृती सगळेच हौसेने नोंदवतात, 'साभार परत' नोंदवायला हात जड होतो. म्हणून टक्का खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. उलट, शून्य टक्के दिसला म्हणजे दार बंद असं नाही. छापून आलेल्यांपैकी कुणी ग्राइंडर वापरत नसेल, एवढाच त्याचा अर्थ.

मासिक सध्या कथा घेतंय की नाही हे सांगणारी 'उघडं' आणि 'बंद' ही खूणही शिळी असू शकते. क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथा मासिकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा पूर आल्यामुळे कथा घेणं एकाएकी थांबवलं होतं. इतर मासिकांच्या खिडक्याही, म्हणजे कथा घेण्याचे ठरावीक काळ, मर्यादा भरली की मुदतीआधी मिटतात. पाठवण्याच्या दिवशी मासिकाचं स्वतःचं नियमांचं पान वाचायचंच, आणि तिथे दोन गोष्टी खास बघायच्या: एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी चालते का, आणि एआयबद्दल काय जाहीर करायचं आहे.

इथवर कुठल्याही लेखकाला लागू. क्वीअर लेखकाची अडचण यापुढे सुरू होते, आणि तिथे ग्राइंडर फारसा कामाला येत नाही. प्रकार, लांबी, पैसे हे मोजता येतं. संपादकाला क्वीअर कथा वाचता येते का, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. 'सर्व उपेक्षित आवाजांचं स्वागत' हे वाक्य आता जवळजवळ प्रत्येक नियमावलीत असतं, त्यावरून काहीही कळत नाही. 'बॅफलिंग'सारखं मासिक स्पष्टच सांगतं की १,२०० शब्दांच्या आतल्या, क्वीअर वळणाच्या विज्ञानकथा, अद्भुतकथा किंवा भयकथा हव्यात. असा ठोसपणा दिसला की वेळ वाचतो. दिसला नाही तर मासिकाच्या अलीकडच्या अंकांतल्या तीन क्वीअर कथा वाचाव्यात. बहुतेक ऑनलाइन मासिकं त्या फुकट देतात.

वाचताना शेवट बघा. समलिंगी जोडप्यातलं एक जण मेल्याशिवाय कथा संपतच नाही असं तिन्हींत दिसलं, तर संपादकाची आवड कळली. मग कथेत क्वीअर असणं हेच संकट आहे, की संकट दुसरंच आहे आणि पात्रं क्वीअर आहेत, ते बघा. दोन्ही प्रकारच्या चांगल्या कथा असतात, पण एकाच प्रकारच्या कथा घेणाऱ्या मासिकाकडे दुसऱ्या प्रकारची पाठवून टपालखर्च नसला तरी महिने वाया जातात. तिसरी खूण स्पष्टीकरणांची. परग्रहावरचं तीन लिंगांचं कुटुंब पहिल्याच परिच्छेदात वाचकाला समजावून सांगितलेलं असेल, आणि प्रत्येक कथेत तसंच असेल, तर तो संपादक समजावणं मागतो. तुमच्या कथेत नवं सर्वनाम दुसऱ्या वाक्यात येऊन वापरातूनच उलगडत असेल, तर तिथे 'गोंधळात टाकणारी' असा शेरा मिळायची शक्यता जास्त. दोष कथेचा नसतो, पण एक खिडकी फुकट जाते.

नावाचा प्रश्न सगळ्यात नाजूक, आणि त्यावरच सगळ्यात कमी लिहिलं जातं. टोपणनावाने छापून येणं या क्षेत्रात सर्रास चालतं. हस्तलिखित कसं मांडावं याचा विल्यम शुन यांचा नमुना प्रसिद्ध आहे. त्यात वर डावीकडे खरं नाव आणि संपर्क, उजवीकडे शब्दसंख्या, आणि शीर्षकाखाली छापायचं नाव अशी सोयच आहे. खरं नाव करार आणि पैशांसाठी लागतं, तेही कथा घेतल्यावर. घरी-दारी ओळख उघड नसेल तर ग्राइंडरचं खातं वेगळ्या ईमेलवर उघडा, आणि स्वीकृती नोंदवली की आपलं नाव सार्वजनिक दिसणार का, ते सेटिंगमध्ये बघून घ्या. लेखकाचं नाव न बघता कथा वाचणाऱ्या मासिकांना पाठवताना पहिल्या पानावरून आणि पानाच्या वरच्या पट्टीतून नाव काढलं तरी पुरत नाही. फाइलच्या नावात आणि वर्डच्या गुणधर्मांत 'लेखक' म्हणून ते उरतं. वर्डमधलं 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून तेही पुसा. कव्हर लेटरमध्ये स्वतःची ओळख सांगायची सक्ती नसते. फक्त क्वीअर लेखकांसाठीच्या खिडकीत 'मी या गटातला लेखक आहे' एवढं एक वाक्य पुरतं. त्यापलीकडे पुरावे मागणाऱ्याकडे कथा न पाठवलेली बरी.

एकेका विषयावरच्या संग्रहांना वेगळी सावधगिरी लागते. क्वीअर कथांचे पुष्कळ संग्रह लोकवर्गणीवर उभे राहतात. वर्गणी अपुरी पडली की संग्रह बारगळतो, आणि कथा तोवर आठ-दहा महिने अडकून पडलेली असते. ग्राइंडरवर अशी पानं असतात, पण प्रकाशकाने आधीचा संग्रह वेळेत काढला का, हे आपणच शोधायचं. करारात पैसे स्वीकृतीवर मिळणार की प्रकाशनावर, आणि ठरलेल्या मुदतीत छापलं नाही तर हक्क आपोआप परत येतात का, ही दोन कलमं बघा. दुसरं कलम नसेल तर मागून घ्या. समंजस प्रकाशक ते घालतात. आणि कथा स्वतःच्या ब्लॉगवर टाकली असेल तर बहुतेक ठिकाणी ती 'आधी प्रकाशित' धरली जाते. मग पहिल्यांदा छापण्याचे हक्क विकता येत नाहीत, पुनर्मुद्रणाचा दर मिळतो, आणि तो बराच कमी असतो.

उणीवा? ग्राइंडर दिसायला जुनाट आहे, मोबाइलवर लांबरुंद तक्ते वाचताना डोळे थकतात, आणि नोंदी थोड्या असलेल्या लहान मासिकांचे आलेख जवळजवळ निरुपयोगी असतात. नेमकी हीच मासिकं आपल्याला हवी असतात, हे दुर्दैव. ड्युओट्रोप कविता आणि साहित्यिक नियतकालिकांच्या बाबतीत जास्त भरीव आहे. ज्यांचं लेखन दोन्ही वर्तुळांत फिरतं त्यांनी पाच डॉलर देऊन एक महिना घ्यावा, यादी उतरवून घ्यावी आणि वर्गणी थांबवावी. नोंदी मात्र स्वतःच्या साध्या तक्त्यातही ठेवा: कथा, मासिक, पाठवल्याची तारीख, उत्तर, आणि कथेतल्या क्वीअर पात्रांवर संपादकाने काही लिहिलं असेल तर ते जसंच्या तसं. हा शेवटचा रकाना ग्राइंडरवरही नाही आणि ड्युओट्रोपवरही नाही.