रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ लॅपटॉपवर: एका बोर्ड पेंटरचा अभिप्राय

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं आपल्या सगळ्यात गाजलेल्या चित्राचा, म्हणजे सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या ‘नाइट वॉच’चा, एक प्रचंड फोटो इंटरनेटवर ठेवलाय. बघायला पैसे पडत नाहीत. ज्यांना माझं पुराण वाचायचं नाही त्यांनी इथूनच तिकडं जावं, माझी काही हरकत नाही.

मी कोल्हापुरात बोर्ड रंगवायचो. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बॅनर, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला आणि ब्रश खुंटीला टांगला. त्यामुळं चित्र बघताना ‘किती सुंदर’ हे मला नंतर सुचतं. आधी बघतो ते रंग कुठं जाड चढवलाय, कुठं नुसता फिरवलाय आणि गड्यानं कुठं वेळ मारून नेलीय. लेक म्हणाली, “अण्णा, हे बघा की, तुमच्याच कामाचं आहे.” खरोखरच होतं.

आता फोटो केवढा म्हणाल, तर ७१७ गिगापिक्सेल, म्हणजे ७१७ अब्ज ठिपके. ८,४३९ फोटो काढून, एकाला एक जोडून तो बनवला आणि जानेवारी २०२२ मध्ये लोकांसाठी खुला केला. एका मिलिमीटरच्या आडव्या रेषेत दोनशे पिक्सेल मावतात, एवढा बारीक. मूळ चित्र १६४२ चं, आमच्या भाषेत साडेबारा बाय पंधरा फूट. म्हणजे मध्यम आकाराचा बॅनरच. असा बॅनर आम्ही परांचीवर चढून रंगवायचो, नाकासमोर फक्त एक गाल नाहीतर अर्धी मिशी दिसायची. मग खाली उतरून, रस्ता ओलांडून पलीकडं जायचं आणि बघायचं की माणूस जमलाय का भूत झालंय. या फोटोत मोठं करत गेलं की परांची आणि छोटं केलं की रस्त्यापलीकडची पानटपरी. म्युझियममध्ये उभं राहून यातली परांची कोण देणार आहे?

मी पहिल्यांदा गेलो ते पिवळ्या पोशाखातल्या लेफ्टनंटकडं. विलेम व्हान राउटेनबर्ख हे त्याचं नाव. त्याच्या कोटावरचं जरीकाम लांबून अगदी शिवल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की जरतार कुठंच नाही. रंगाचे नुसते गोळे, ओरखडे, वर एखादा पांढरट फटकारा. एकही कशिदा धड काढलेला नाही आणि तरी सोन्याची तार चमकते. आता संशोधकांना या पोशाखात सोमल (आर्सेनिक) असलेले पिवळे-नारिंगी रंग सापडलेत, म्हणजे आपल्या हरताळ-मनशिळेच्या कुळातले. विषारी माल, पण तसली झळाळी साध्या पिवळ्याला येत नाही.

त्याच कोटावर कॅप्टनच्या हाताची सावली पडलीय. कॅप्टन फ्रान्स बानिंक कोक काळ्या कपड्यात, लाल पट्टा लावून, डावा हात पुढं करून काहीतरी सांगतोय. त्या हाताची पाच बोटं पिवळ्या कोटावर उमटलीत आणि कोटाच्या काठावर अ‍ॅमस्टरडॅमचं शहरचिन्ह भरलंय, तिथंच ती टेकतात. सावलीसाठी काळा ओतलेला नाही. जरीकाम खालून दिसत राहतं, फक्त मंद होतं. सावलीत काळा रंग घालू नको, हे माझ्या उस्तादांनी किती वेळा बजावलं असेल! इथं पुरावाच मिळाला.

आणखी जवळ गेलात तर रंगाच्या थरात बारीक पांढऱ्या पुटकुळ्या दिसतील. ती धूळ नव्हे. शिशाचा सफेदा आणि जवसाचं तेल वर्षानुवर्षं एकत्र राहिले की त्यांचा एक प्रकारचा साबण बनतो आणि तो फुगून वर येतो. एवढ्या मोठ्या माणसाच्या रंगालाही हे चुकलं नाही, याचं मला उगाच बरं वाटलं.

यातली माणसं म्हणजे शहराच्या नागरी पथकातले पैसेवाले लोक. चित्रासाठी वर्गणी काढली होती, माणशी सुमारे शंभर गिल्डर (तिथलं तेव्हाचं नाणं), जागेप्रमाणं कमी-जास्त. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जसा खर्च करणाऱ्याचा चेहरा मोठा आणि बाकीचे ‘शुभेच्छुक’ खाली ओळीत, तसाच हिशेब. पण रेम्ब्रांटनं ओळ लावलीच नाही. मागचे काही जण कुणाच्या हाताआड, कुणाच्या टोपीआड गेलेत. पैसे मोजून अर्धंच तोंड मिळालेला त्या दिवशी घरी जाऊन काय म्हणाला असेल? वर कमानीवर ढाल आहे, तिच्यावर अठरा नावं. ती मागाहून दुसऱ्याच कुणीतरी लिहिली. मला त्या पाटीवाल्याबद्दल जास्त जिव्हाळा.

१७१५ मध्ये हे चित्र टाउन हॉलमध्ये हलवलं, तिथल्या जागेत बसेना म्हणून चारी बाजूंनी कापलं. डावीकडची तर जवळजवळ दोन फूट पट्टी माणसांसकट गेली. जुन्या छोट्या नकलेवरून तो भाग संगणकानं पुन्हा रचलाय, तोही सापडतो. बघून घ्या. रचलेल्या चित्रात कॅप्टन मधोमध न राहता उजवीकडं सरकतो आणि सगळी मंडळी खरंच चालायला लागल्यासारखी वाटतात.

आता उणं. पडदा मागून उजळतो, तेलरंग समोरून. त्यामुळं मागच्या अंधारातले तपकिरी रंग ब्राइटनेस वाढवला की राखाडी होतात आणि कमी केला की सगळं डांबर. रंगाचा उंचवटा कळतो, पण मान तिरकी करून चकाकी पकडायची सोय नाही. पंधरा फुटी चित्रासमोर आपण किती ठेंगणे, हेही समजत नाही. माहिती डच आणि इंग्रजीत, मराठी नाही, पण डोळ्यांनी बघायला भाषा लागत नाही. मोबाइलवर बघू नका, मजा नाही. आमच्याकडं नेटची बोंब आहे, त्यामुळं मोठं केल्यावर आधी धुरकट दिसतं, मग हळूहळू साफ होतं. घाई करायची नाही.

त्याच म्युझियमच्या साइटवर फेरमीर या दुसऱ्या डच चित्रकाराची ‘दूधवाली’ही आहे. भिंतीतला खिळा आणि खिळा उपटलेली भोकं बघा, पावावरचे पांढरे ठिपके बघा. हे चित्र टीचभर, जेमतेम दीड फुटाचं, त्यामुळं पडद्यावर त्याचं फारसं नुकसान होत नाही. नवख्यानं सुरुवात इथून करावी.

जुन्या चित्रांचे फोटो उतरवून घ्यायला आणि छापायला म्युझियमची मोकळीक आहे. मी ‘दूधवाली’ फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतली, तर तिचा निळा एप्रन जांभळा होऊन आला. छापायचंच असेल तर आधी वीतभर तुकडा छापून मागा, निळा तपासा आणि चकचकीत कागद अजिबात घेऊ नका.