विरळ भुवया: औषध, केशरोपण की मायक्रोब्लेडिंग?

भुवया विरळ होऊ लागल्या की बहुतेकजण थेट उपायाकडे वळतात. कोणी एरंडेल तेल चोळते, कोणी औषधाच्या दुकानातून मिनॉक्सिडिल आणते, तर कोणी पार्लरमध्ये जाऊन मायक्रोब्लेडिंगचा, म्हणजे त्वचेत रंगाच्या रेषा कोरून घेण्याचा, दर विचारते. या सगळ्या उपायांची तुलना करता येते आणि ती पुढे केलीही आहे. परंतु त्या तुलनेला अर्थ येतो तो एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्यानंतरच. त्या जागी केसांची मुळे अजून जिवंत आहेत का?

थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले असेल तर भुवईचा बाहेरचा, कानाकडचा तिसरा हिस्सा विरळ होतो. चाई पडली असेल तर भुवईत गुळगुळीत, केसरहित ठिपका दिसतो. या दोन्ही प्रकारांत मुळे शाबूत असतात आणि केस परत येऊ शकतात. याउलट रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये दिसणारा एक विकार, ज्याचे वर्णन ऑस्ट्रेलियातील डॉ. स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये केले, कपाळावरची केसांची रेषा मागे सरकवतो आणि मुळांच्या जागी व्रण तयार करतो. पुष्कळदा त्याची पहिली खूण भुवयांवरच उमटते. ‘वयामुळे होते’ असे म्हणून ती सोडून दिली, तर हातात असलेला वेळ निघून जातो. वर्षानुवर्षे थ्रेडिंग करून केस उपटले असतील, तर काही मुळे कायमची थकलेली असतात आणि काहींत अजून धुगधुगी असते.

आपल्याकडे आणखी एक कारण आवर्जून तपासले पाहिजे. कुष्ठरोगाच्या काही प्रकारांत भुवया बाहेरच्या टोकाकडून झडतात. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर या भागांत हा आजार आजही आढळतो. भुवया झडण्यासोबत अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल, कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, तर सौंदर्योपचाराचा विचार बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो आणि वेळेवर घेतल्यास आजार पूर्ण बरा होतो.

मुळे जिवंत असतील, तर पहिला हक्क औषधाचा आहे. थायरॉइडची किंवा लोहाची कमतरता रक्ततपासणीत कळते, आणि ती भरून निघाल्यावर अनेकांच्या भुवया आणखी काही न लावता सुधारतात. वरून लावण्याच्या औषधांत मिनॉक्सिडिल आणि बिमॅटोप्रोस्ट ही दोन प्रमुख. बिमॅटोप्रोस्ट मुळात काचबिंदूचे औषध. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला पापण्यांच्या केसांसाठी मान्यता मिळाली. भुवयांसाठी दोन्हींचा वापर डॉक्टरांच्या निर्णयावर होतो, कारण तशी स्वतंत्र मान्यता त्यांना नाही; तरीही चाचण्यांत दोन्हींचा फायदा दिसलेला आहे. मिनॉक्सिडिल स्वस्त आहे, पण ते ओघळून गालावर किंवा कपाळावर गेले तर तेथेही लव वाढते, आणि गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात ते टाळावे लागते. बिमॅटोप्रोस्ट महाग पडते व लावलेल्या जागेची त्वचा काळवंडू शकते. दोन्हींची मोठी मर्यादा एकच: औषध थांबले की मिळवलेले केस हळूहळू जातात. एरंडेल तेलाने केस चकचकीत व दाट दिसतात, मात्र नवे केस उगवतात याला भक्कम आधार नाही.

औषधाची परीक्षा घेताना भुवईचा स्वभाव ध्यानात ठेवावा. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो; भुवईचा केस साधारण महिना-दोन महिने वाढतो आणि मग दीर्घ विश्रांती घेतो. त्यामुळे किमान चार महिने नेटाने लावल्याशिवाय ‘उपयोग झाला नाही’ असे म्हणणे त्या औषधावर अन्याय करणारे ठरते.

चाईसाठी स्टेरॉइडची सौम्य मात्रा बारीक सुईने थेट त्वचेत देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. माझ्या धाकट्या बहिणीने ही इंजेक्शने घेतली. दुसऱ्या खेपेनंतर डाव्या भुवईत पांढरीशुभ्र, रेशमासारखी लव दिसू लागली, तेव्हा ती घाबरून गेली होती. चाईतून परतणारे केस बऱ्याचदा आधी पांढरे येतात व नंतर रंग धरतात, हे डॉक्टरांनी समजावल्यावर तिच्या जिवात जीव आला. मात्रा जास्त झाली तर त्वचा पातळ होऊन खळगा पडतो, म्हणून हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावे. चाई तीव्र असेल तर बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्याही आता उपलब्ध आहेत. अमेरिकेत त्यांना २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्या रोगप्रतिकारशक्तीवर काम करत असल्यामुळे, क्षयरोग सर्वत्र असलेल्या आपल्या देशात आधी क्षयाची तपासणी अत्यावश्यक आहे.

मुळे मेली असतील, जुनी जखम किंवा भाजल्याचा व्रण असेल, तर केशरोपण हा खरा आणि टिकाऊ पर्याय. डोक्याच्या मागच्या भागातून एकेक केसाची मुळे काढून भुवईत बसवतात; एका भुवईला सर्वसाधारणपणे दीडशे ते साडेतीनशे लागतात. कौशल्य संख्येपेक्षा कोनात आहे. केस त्वचेला जवळजवळ समांतर, भुवईच्या वळणाला धरून लावला नाही, तर तो काट्यासारखा पुढे उभा राहतो. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे फुटतात आणि पूर्ण रूप दिसायला वर्षभर लागते. शिवाय डोक्याचा केस भुवईवर आला तरी आपली सवय सोडत नाही: महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांच्याकडे भुवया मिळालेले कुष्ठमुक्त रुग्ण तर हे लांब केस कौतुकाने वाढूच देत. बाकीच्यांनी आठ-पंधरा दिवसांनी कात्री चालवण्याची आयुष्यभराची तयारी ठेवावी. मूळ विकार सक्रिय असताना केशरोपण करू नये, कारण नवी मुळेही तो गिळतो. व्रण करणाऱ्या विकारात आजार दोन वर्षे स्थिर राहण्याची वाट पाहावी.

मायक्रोब्लेडिंगमध्ये केस येत नाहीत, केसांसारख्या रेषा कोरल्या जातात. निकाल लगेच मिळतो आणि खर्च केशरोपणाहून बराच कमी असतो. मात्र वर्ष-दीड वर्षात रेषा फिकट होतात, तेलकट त्वचेवर त्या लवकर पसरतात आणि रंग कधी लालसर, कधी राखाडी होतो. ज्यांना जखमेच्या जागी गाठीसारखा व्रण येतो, त्यांनी या वाटेला जाऊच नये. सुई व पाते आपल्यासमोर पाकिटातून काढले जाते का, हे पाहण्याचा संकोच धरू नये. ज्यांचा विकार केशरोपणाला परवानगी देत नाही, त्यांच्यासाठी हा सन्माननीय पर्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

केमोथेरपीने भुवया गेलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. उपचार संपल्यावर काही महिन्यांत त्या बहुधा आपोआप परततात. उपचार चालू असताना प्रतिकारशक्ती खालावलेली असते, म्हणून त्या काळात त्वचा कोरून घेऊ नये. आयब्रो पेन्सिलने, केसाच्या दिशेने छोट्या छोट्या रेषा मारत भुवई रेखावी. त्यासाठी रंग स्वतःच्या केसांपेक्षा एक छटा फिका निवडावा.