१.३ मल्टिजेट: सेकंडहँड डिझेल घेताना ७५ की ९० अश्वशक्ती?

नाशिकचा माझा भाचा सेकंडहँड डिझेल गाडी शोधत होता. आठवड्यातून दोनदा पुण्याला जायचं, बहुतेक वेळा एकट्यानं. त्यानं दोन गाड्या हेरल्या होत्या, एक २०१५ची स्विफ्ट डिझायर आणि दुसरी २०१६ची सियाझ. फोनवर विचारलं, "मामा, सियाझचं इंजिन मोठं आहे ना?" मी म्हटलं, मोठं नाही, तेच आहे. त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून सगळी गोष्ट मुळापासून सांगावी लागली. ती तुमच्याही उपयोगी पडेल, कारण २००७ ते २०२० या काळातली छोटी डिझेल गाडी घ्यायला निघालात तर बरेचदा तुमच्यासमोर हेच इंजिन येणार आहे.

हे १.३ मल्टिजेट इंजिन मूळचं फियाटचं, जनरल मोटर्सच्या भागीदारीत विकसित झालेलं. चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, १२४८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिमी. २००३मध्ये पोलंडच्या बिएल्स्को-बिआवा इथल्या कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला ताकद ७० अश्वशक्ती होती. वजन सुमारे १३० किलो, म्हणजे त्या काळच्या डिझेलच्या मानानं फारच हलकं. त्यामुळेच ते पेट्रोलसाठी बेतलेल्या छोट्या गाडीच्या नाकात बसू शकलं. २००५मध्ये 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' स्पर्धेत १ ते १.४ लिटर गटाचा किताब त्यानं मिळवला.

मल्टिजेट हे नाव समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. कॉमन रेल पद्धतीत सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून प्रचंड दाबाखाली डिझेल पुरवलं जातं. प्रवासी गाडीत ही पद्धत पहिल्यांदा आली ती १९९७च्या अल्फा रोमिओ १५६मध्ये. तंत्राचा मूळ विकास फियाटच्या संशोधन केंद्रांत झाला, पण उत्पादनाचा भार बॉशकडे सोपवला गेला. त्या पहिल्या पिढीत मुख्य फवाऱ्याच्या आधी डिझेलचा एक छोटा फवारा मारला जाई. त्यामुळे ज्वलन एकदम भडकत नाही आणि डिझेलचा तो जुना टकटकाट कमी होतो. मल्टिजेटमध्ये एकाच ज्वलनासाठीचं डिझेल पाचपर्यंत फवाऱ्यांत वाटता येऊ लागलं. आवाज, धूर आणि इंधनाचा वापर तिन्ही उतरले. १२४८ सीसीचं यंत्र चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढू लागलं ते यामुळे आणि इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोमुळे.

भारतात ते आलं तीन दारांनी. सुझुकीनं परवाना घेऊन मानेसरला कारखाना काढला आणि जानेवारी २००७मध्ये स्विफ्ट डिझेल आली. दुसरं दार आपल्या पुण्याजवळचं, रांजणगावचं. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या या कारखान्यातून ते पुंटो, लिनिया, टाटा व्हिस्टा, मांझा आणि पुढे झेस्टमध्ये गेलं. तिसरं दारही पुण्याजवळच, तळेगावचं. फियाट आणि जनरल मोटर्सची भागीदारी २००५मध्ये मोडली, तरी इंजिन वापरायचा हक्क जनरल मोटर्सकडे राहिला होता आणि त्यातून शेव्हर्ले सेलचं डिझेल आलं. मारुती त्याला डीडीआयएस म्हणे, टाटा क्वाड्राजेट, शेव्हर्ले स्मार्टेक. नावं चार, इंजिन एक. २०१०नंतर पेट्रोल महागलं आणि डिझेल गाड्यांना एवढी मागणी आली की मानेसर पुरेना. जानेवारी २०१२मध्ये मारुतीनं फियाटशी वर्षाला एक लाख इंजिनांचा करार केला. म्हणजे त्या काळातल्या काही मारुती गाड्यांच्या बॉनेटखाली रांजणगावचं इंजिन आहे. मराठी माणूस म्हणून मला या गोष्टीचा खराखुरा अभिमान वाटतो.

आता निवडीकडे. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, डिझेल बलेनो आणि डिझेल इग्निस, या सगळ्या ७५ अश्वशक्तीच्या. टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमला. एसएक्स४ डिझेल, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा, मांझा या ९०च्या. मारुतीच्या ९०वाल्यांत टॉर्क २०० न्यूटन मीटर, १७५० आरपीएमला. लिनिया, आणि पुंटोची '९० एचपी' म्हणून विकली गेलेली आवृत्ती, प्रत्यक्षात ९३ अश्वशक्तीची होती. पुंटो आणि झेस्ट दोन्ही ताकदींत मिळत, त्यामुळे त्या घेताना नेमकी कोणती आहे ते कागदावर बघा.

ब्लॉक तोच, सीसी तेच. फरक मुख्यतः टर्बोत आणि त्याला जुळवलेल्या इंधनपुरवठ्यात. ७५मधला टर्बो साधा आहे. एक्झॉस्टच्या झोतानं पंखा फिरतो आणि दाब जास्त झाला की एक झडप उघडून जादा वायू बाजूनं निघून जातो. ९०मध्ये पंख्याभोवती हलणाऱ्या पात्या आहेत. वेग कमी असताना पात्या मिटत येतात आणि झोत अरुंद फटीतून जोरात येतो. वेग वाढला की त्या उघडतात. यालाच व्हीजीटी म्हणतात.

कागदावर पाहिलं तर ९०चा टॉर्क जास्त आणि तोही लवकर मिळतो. मग ९०वाले चालकच "खाली दम नाही" अशी तक्रार जास्त का करतात? मी दोन्ही बरीच चालवली आहेत. माझ्याकडे सात वर्षं ७५ची स्विफ्ट होती आणि मेहुण्याकडे ९०ची एर्टिगा. कागदावरचा आकडा मोजतात तो पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, आरपीएम स्थिर ठेवून. सिग्नल सुटल्यावर तुम्ही १२०० आरपीएमवर असता आणि टर्बोत दाब भरायला किती क्षण लागतात हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. त्यात एर्टिगासारख्या गाडीचं रिकामं वजनच बाराशे किलोंवर. त्यामुळे १८००च्या खाली गाडी सुस्त वाटते आणि त्यानंतर एकदम धाव घेते. स्विफ्टमध्येही हा खड्डा आहे, पण गाडी हलकी असल्यानं एक गिअर खाली टाकला की तो बुजतो. एर्टिगात सहा माणसं बसवून खंबाटकीच्या वळणावर दुसरा गिअर टाकायला उशीर केलात, तर गाडी मरगळते आणि क्लच उगाच झिजतो.

हेच ९०चं इंजिन मोकळ्या महामार्गावर मात्र फार आनंद देतं. ८० ते ११० या टप्प्यात ट्रकला ओलांडताना ७५चा दम ३५००च्या आसपास संपत आलेला असतो, तेव्हा ९० अजून ओढत असतं. रोज गर्दीत चालवणाऱ्याला या फरकाचा काही उपयोग नाही. महिन्याला दोन हजार किलोमीटर महामार्ग तुडवणाऱ्याला तो प्रत्येक ओव्हरटेकला जाणवतो.

दुरुस्तीच्या बाजूनं माझं मत स्पष्ट आहे. टर्बो साधा असेल तर डोकेदुखी कमी. व्हीजीटीच्या पात्यांवर काजळी बसते आणि गाडी कायम शहरात कमी आरपीएमवर रेंगाळलेली असेल तर जास्तच बसते. मग पात्या अडकतात, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी वेगच घेत नाही. बऱ्याचदा टर्बो उतरवून साफ केला की काम होतं, पण काही ठिकाणी न तपासताच अख्खा टर्बो बदलायला सांगतात. एर्टिगाच्या वेळी आम्हालाही एका गॅरेजनं तेच सांगितलं होतं. दुसऱ्या मेकॅनिकनं पात्या साफ करून दिल्या आणि गाडी पुढे तीन वर्षं विनातक्रार चालली. म्हणून ९०ची, पण आयुष्यभर शहरातच फिरलेली गाडी मी घेणार नाही. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी मात्र दोन्हींत बसते.

दोन्हींत सारखा असलेला खरा धोका टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या साखळीचा. बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून "बदलायची गरजच नाही" असं विकणारा सांगतो. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी झालं किंवा बदलायला टाळाटाळ होऊन त्याचा चिखल झाला, तर टेन्शनर ढिला पडतो. चेन सैल होते, दात चुकवते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग खर्च थेट हेड उतरवण्यापर्यंत जातो. म्हणून किलोमीटरच्या आकड्याआधी ऑइल बदलल्याची बिलं बघा. दीड लाख किलोमीटर धावलेली आणि दर दहा हजाराला ऑइल बदललेली गाडी, बिलं नसलेल्या सत्तर हजारवालीपेक्षा मला कधीही चालेल.

मायलेजवरून निवड करू नका. गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेचे आकडे २०१५च्या डिझायरला २६.५९ आणि एसएचव्हीएस सियाझला २८.०९ असे आहेत. एसएचव्हीएस म्हणजे सिग्नलला इंजिन बंद करणारी आणि ब्रेक लावताना बॅटरी भरणारी सौम्य हायब्रिड यंत्रणा. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकड्यांतून चार-पाच वजा करा आणि उरलेला फरक तुमच्या पायावर अवलंबून आहे असं समजा. बॅटरीची अवस्था मात्र तपासून घ्या.

कंपनी कोणती हा प्रश्न इंजिनापेक्षा बाकीच्या गाडीसाठी महत्त्वाचा आहे. लिनिया आणि पुंटो रस्त्यावर मला सगळ्यांत भक्कम वाटतात. इंजिनाचे भाग अडत नाहीत, पण हेडलाइट, बंपर, आतले प्लॅस्टिकचे तुकडे शोधत फिरावं लागतं. सेलचंही तेच, कारण शेव्हर्लेनं २०१७अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. एकच गाडी आणि रोजची गरज असेल तर मारुती किंवा टाटा घ्या. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष आले आणि भारतात या इंजिनाचा प्रवास थांबला. म्हणजे सगळ्यांत नवी गाडीसुद्धा त्याआधीची असणार. आरसीची पंधरा वर्षं कधी भरतात ते आधी मोजा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आल्यानं तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. तशी गाडी दिसली तर एनओसी आणि इथल्या नोंदणीचा खर्च किमतीत धरा.

भाच्याचं सगळं येणं-जाणं चंदनापुरी घाट आणि पुढच्या महामार्गावरचं, म्हणून माझा कल सियाझकडे होता. बघायला गेलो तर बॉनेट गरम. दलाल म्हणाला, आत्ताच एक गिऱ्हाईक फिरवून गेलं. या इंजिनाची चेन ढिली असेल तर ती थंड असताना सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच खडखडते, गरम झाल्यावर काहीच कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न सांगता गेलो आणि बॉनेटवर हात ठेवून मगच किल्ली फिरवायला सांगितली. खडखडाट तीन नाही, चांगला सहा सेकंद चालला. तिथूनच डिझायरच्या मालकाला फोन लावला. त्यांच्याकडे बारा बिलं होती, त्यांची गाडीही थंडच होती आणि ती सुरू झाली तेव्हा ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.